उसन्या कागदांची चाळीस वर्षं

१९५० साली तोक्यो विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या अमिनो योशिहिको या तरुणाला पहिली नोकरी मिळाली ती मासेमारी खात्याच्या कृपेने. युद्ध संपून पाच वर्षं झाली होती. सरकार किनाऱ्यावरचे जुने हक्क मोडून मासेमारीचा नवा कायदा आणत होतं. कोणत्या खाडीत कोणी जाळं टाकायचं, कोणी कुठवर होडी न्यायची, हे हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांचे कागद गावोगावच्या जुन्या घरांत, माळ्यांवर, पेट्यांत पडलेले. कायदा बदलला की त्यांना रद्दीची किंमत येणार. तेव्हा ते नाहीसे व्हायच्या आत गोळा करावेत, वाचून उतरवून घ्यावेत, जमलं तर पुढे संग्रहालयच उभारावं, असा मोठा बेत ठरला. खात्याने पैसे दिले आणि काम गेलं एका छोट्या संशोधन संस्थेकडे. शिबुसावा केइझो या बँकवाल्या गृहस्थांनी ती १९२१ मध्ये स्वतःच्या घराच्या माळ्यावर सुरू केली होती. (जपानच्या दहा हजार येनच्या नव्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे, त्या शिबुसावा एइइचींचे हे नातू.) संस्थेची माणसं गावोगाव हिंडली, घरमालकांना उसनवारीच्या पावत्या लिहून दिल्या आणि पेट्याच्या पेट्या भरून कागद तोक्योला आणले.

पाच-सहा वर्षांत पैसे बंद झाले. बेत बारगळला, अमिनोंची नोकरी गेली. कागद तोक्योतच राहिले.

ते परत पोचवून होईपर्यंत चाळीसेक वर्षं गेली. दरम्यान अमिनो (१९२८–२००४) जपानच्या मध्ययुगाच्या सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या इतिहासकारांपैकी एक झाले. इतिहासाचा प्राध्यापक आयुष्यभर नेमकं करतो तरी काय, असं कुणी विचारलं की मला त्यांचं उदाहरण द्यावंसं वाटतं. एकतर त्यांची वाट सरळ गेली नाही. आणि सरळ न गेल्यामुळेच ती कशाकशाची बनलेली असते ते दिसतं.

सुरुवात वाचण्यापासून. जपानचा इतिहास अभ्यासायचा तर जपानी यायला हवं, हे उघडच आहे. पण नुसतं जपानी येऊन भागत नाही. पुण्यात जपानी शिकणारी मुलं पुष्कळ. त्यांतली चिकाटीची काही एन-वन या सगळ्यात वरच्या परीक्षेपर्यंत पोचतात, वर्तमानपत्र घडाघडा वाचतात. त्यांच्यापुढे सतराव्या शतकातल्या गावच्या पाटलाचं पत्र ठेवा. पहिल्या ओळीवरच गाडी अडेल. यात त्यांचा कमीपणा काही नाही, खुद्द जपानी माणसाचीही तिथेच अडते. हे लिखाण ब्रशने, हात न उचलता, अक्षरं एकमेकांत ओतून केलेलं असतं. त्याला म्हणतात ‘कुझुशिजी’. ‘कुझुसु’ म्हणजे मोडणे आणि ‘जी’ म्हणजे अक्षर. मोडलेली अक्षरं! मराठी माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही. आजोबांच्या ट्रंकेत मोडीतली खरेदीखतं निघतात आणि घरात कुणालाच वाचता येत नाहीत, तीच गत. तिकडे १९०० साली शाळेच्या नियमांनी एका उच्चाराला एकच अक्षर ठरवून टाकलं. त्याआधी एकाच उच्चारासाठी चार-पाच वेगवेगळी वळणं चालत. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत आपल्याच पणजोबांचं लिखाण लोकांना परकं झालं.

अक्षर लागलं तरी भाषा उरतेच. जुन्या पत्रांची एक वेगळीच ठरीव भाषा असते. जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘सोरो’ या आदरार्थी क्रियापदावर संपतं, आणि मध्येच शब्दांचा क्रम चिनी वळणाने उलटा लावलेला असतो, तो मनातल्या मनात सुलटा करून वाचायचा. आपल्याकडच्या ‘विज्ञापना ऐसीजे’सारखंच हे. सवय झाली की डोळा त्यावरून घसरतो, पण ती व्हायला वर्षं जातात.

मग तारीख. जपानने आजचं कॅलेंडर घेतलं १८७३ साली. त्याआधी चांद्रमासांचं पंचांग आणि त्यावर राजशकांची नावं. ही नावं नवा सम्राट आला तरच बदलत असं नाही. भूकंप झाला, आग लागली, धूमकेतू दिसला तरी शक बदलून टाकत. आणि खाजगी पत्रात तर वर्षच नसतं, नुसता महिना आणि दिवस. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होतं, मग लिहायचं कशाला? इतिहासकाराने ते आता शोधायचं. पत्रात ज्याचा उल्लेख आहे त्याला ही पदवी कधी मिळाली? अमका तेव्हा जिवंत होता का? सहीऐवजी काढलेल्या चिन्हाचं वळण तरुणपणीचं आहे की म्हातारपणीचं? एका पानावर दिवस जातो. आता ‘मिवो’ नावाचं मोबाइल ॲप आलं आहे. २०२१ मध्ये निघालेलं हे ॲप कॅमेरा धरला की जुन्या अक्षरांवर आजची अक्षरं दाखवतं. छापील पोथ्यांवर ते बरं चालतं. घाईत खरडलेल्या पत्रावर शेवटी माणसाचाच डोळा लागतो.

या कामाचा वेग किती असतो याची कल्पना हवी असेल, तर तोक्यो विद्यापीठाच्या इतिहास साधन संस्थेकडे पाहावं. इ. स. ८८७ पासून १८६७ पर्यंत दिवसागणिक काय घडलं आणि त्याचा पुरावा कोणता, हे तिथे खंडाखंडाने छापतात. पहिला खंड निघाला १९०१ मध्ये. काम अजून चालू आहे. तिथे लागलेला विद्वान कारकिर्दीची ऐन वर्षं इतिहासातल्या काही थोड्या वर्षांवर खर्च करतो, निवृत्त होतो, आणि पुढचा माणूस पुढच्या महिन्यापासून सुरू करतो. मला हे भयंकरही वाटतं आणि हेवाही वाटतो.

अमिनोंना असली जागा मिळाली नाही. नोकरी गेल्यावर १९५६ मध्ये ते तोक्योतल्या कितासोनो हायस्कुलात शिक्षक झाले आणि अकरा वर्षं तिथेच राहिले. विद्यापीठाच्या शिडीवर ज्याला चढायचं आहे त्याने इतका काळ शाळेत काढला, की बहुतेकदा खेळ आटोपतो. ते शाळा सांभाळून त्याच साधन संस्थेत जात आणि क्योतोच्या तोजी देवळाचे कागद हाताने उतरवून घेत. या देवळाचं दप्तर म्हणजे सुमारे २५ हजार कागद. सतराव्या शतकात माएदा घराण्याच्या एका सरदाराने ते ठेवायला लाकडी पेट्या करून दिल्या होत्या. त्यातून देवळाच्या मालकीच्या तारा नावाच्या एका वतनी इलाख्याचा इतिहास अमिनोंनी उभा केला. पुस्तक आलं १९६६ मध्ये. पुढच्याच वर्षी नागोया विद्यापीठाने त्यांना बोलावलं. या व्यवसायातली शिडी ही अशी: एका ठिकाणाचे, एका देवळाचे, एका घराण्याचे कागद कुणापेक्षाही जास्त माहीत असणं, आणि त्यावर एक भक्कम ग्रंथ. मोठमोठ्या विचारांना नंतर वेळ असतो.

शाळेच्या वर्षांनी मात्र अमिनोंना असं काही दिलं, जे संशोधन संस्थेत मिळालं नसतं. वर्गात एका मुलाने विचारलं: सर, सम्राटाची सत्ता कमजोर होत गेली, नाहीशी झाली असं तुम्ही सांगता, मग तरीही सम्राट संपला का नाही? त्याला कोणीही हटवू शकलं असतं ना? आणखी एक प्रश्न आला: मोठमोठे धर्मपुरुष बाराव्या-तेराव्या शतकातच का निपजले, इतर काळात का नाही? दोन्ही प्रश्नांना अमिनोंकडे उत्तर नव्हतं. हे त्यांनी पुढे आपल्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सरळ लिहून टाकलं.

ते पुस्तक १९७८ चं, ‘मुएन, कुगाइ, राकु’. त्याची सुरुवात होते पोरांच्या खेळापासून. घाणीला हात लागलेल्या भिडूपासून बाकीची मुलं बोटांची खूण करून ‘संबंध तुटला’ म्हणतात. मग लेखक आपल्याला नेतो कामाकुराच्या तोकेइजी मठात. नवऱ्याला सोडू पाहणारी बाई इथे पळून येई. नवरा मागोमाग धावत आलेला असला, तरी तिने आपली चप्पल फाटकाच्या आत फेकली की ती आत आलीच असं धरत. ठरलेली मुदत मठात काढली की तिला काडीमोड मिळे. ‘मुएन’ म्हणजे ज्याचा कुणाशी बंध उरलेला नाही तो. देवळं, बाजार, पूल, नदीचं पात्र अशा जागी मालकाचा हक्क, सावकाराचं कर्ज, घराचं नातं थांबत असे, असं अमिनोंचं म्हणणं. तिथे वावरणारे ओतारी, फेरीवाले, नट, जुगारी हे कुठल्याच सरदाराचे नव्हते. आणि ओताऱ्यांसारख्या भटक्या कारागिरांना मुलुखभर फिरायचे परवाने मिळत ते सम्राटाच्या नावाने. शाळेतल्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे सापडतं. सम्राटाची मुळं जमिनीत जितकी होती, तितकीच या बिनजमिनीच्या माणसांतही होती.

पुस्तक धडाक्याने खपलं आणि सहकाऱ्यांनी ते तितक्याच धडाक्याने झोडपलं. त्या जागा एवढ्या मोकळ्या नव्हत्या, तिथेही जबरदस्त धनी होतेच, अमिनो जुन्या काळाला गोंडस करतात, अशी टीका झाली. टीकेत तथ्य आहे असं मलाही वाटतं. पण त्या पुस्तकानंतर मध्ययुगाबद्दल लिहिताना कुणालाही फक्त सरदार आणि शेतकरी धरून चालता आलं नाही.

टीका तशी स्वस्तच म्हणायची. जपानच्या इतिहासकारांनी याहून महाग किमती मोजल्या आहेत. शिंतो, म्हणजे जपानचा स्वतःचा जुना धर्म, ही आकाशपूजेच्या जुन्या चालीची उरलेली खूण आहे असा लेख लिहिल्याबद्दल कुमे कुनिताके यांना १८९२ मध्ये तोक्योच्या सरकारी विद्यापीठातली जागा सोडावी लागली. त्सुदा सोकिची यांनी सम्राटांच्या पुराणकथा इतिहास म्हणून मानायला नकार दिला, तेव्हा १९४० मध्ये त्यांच्या पुस्तकांवर बंदी आली आणि खटला झाला. इएनागा साबुरो यांच्या पाठ्यपुस्तकातला मजकूर सरकारने बदलायला लावला, म्हणून त्यांनी १९६५ मध्ये सरकारवरच दावा लावला. एकामागून एक तीन दावे, आणि शेवटचा निकाल १९९७ चा. बत्तीस वर्षं.

अमिनोंवर यातलं काही आलं नाही. त्यांच्या मागे लागले होते ते उसने कागद.

१९८० मध्ये ते नागोयाचं राष्ट्रीय विद्यापीठ सोडून योकोहामाच्या कानागावा विद्यापीठाच्या अल्पमुदतीच्या महाविद्यालयात गेले. शिडीच्या हिशेबाने ही पायरी खाली. पण ती जुनी माळ्यावरची संस्था आता कानागावा विद्यापीठ आपल्यात घेत होतं, आणि तिच्याबरोबर न परतवलेल्या पेट्याही. ज्यांनी गावोगाव जाऊन कागद मागून आणले होते, त्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासक मियामोतो त्सुनेइचींच्या मनावरही या पेट्यांचं ओझं होतं. ते १९८१ मध्ये वारले. अमिनो कागद घेऊन निघाले.

पन्नाशी उलटलेल्या नावाजलेल्या प्राध्यापकाने परक्या दारात उभं राहून काय म्हणायचं? ‘आपल्या वडिलांकडून आम्ही तीस वर्षांपूर्वी काही कागद नेले होते…’ शिव्या खायची तयारी ठेवूनच ते जात. त्सुशिमा बेट, आतल्या समुद्रातलं छोटंसं फुतागामी बेट, नोतो द्वीपकल्प. बऱ्याच ठिकाणी पावती देणारे आणि घेणारे दोघंही गेलेले. आणि घडलं भलतंच. लोकांनी रागावण्याऐवजी घरात बोलावलं. कागद घेऊन जाणारे पुष्कळ येऊन गेले, परत आणून देणारे तुम्हीच पहिले, असंही त्यांना ऐकायला मिळालं. आणि मग घरमालक आतून आणखी एक पेटी घेऊन येई: हे तेव्हा दाखवलं नव्हतं, बघा काही कामाचं आहे का.

या सगळ्यात नोतोची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नोतोच्या टोकाला, वाजिमा गावाच्या पलीकडे, तोकिकुनी नावाचं जुनं घराणं आहे. बाराव्या शतकात पराभूत होऊन हद्दपार झालेल्या ताइरा घराण्याचे वंशज म्हणवणारं. त्याच्याबद्दल इतिहासकारांचं ठरलेलं मत होतं: मागासलेल्या मुलुखातला बडा शेतकरी, पदरी शे-दोनशे गडी, त्यांच्याकडून कसून घेतलेली जमीन. स्वतः अमिनोही तरुणपणी तसंच धरून चालले होते. सरकारी नोंदीतही घराण्याचा दर्जा ‘ह्याकुशो’, आणि ह्याकुशो म्हणजे शेतकरी, हे शाळेतल्या पोरालाही माहीत.

कागद परत करायला गेलेली मंडळी तिथे राहून सगळं घर धुंडाळू लागली. जपानी घरातली सरकती दारं लाकडी चौकटीवर कागदाचे थर चिकटवून करतात. वरचा थर देखणा, आतले थर रद्दीचे. घरातले निकामी झालेले हिशेब, पत्रं, अर्ज त्यात जात. संशोधकांनी ते थर हलके ओले करून एकेक सोडवले. पेटीत जपून ठेवलेले कागद बोलत होते जमिनीबद्दल आणि करांबद्दल, कारण सरकारदरबारी दाखवायला तेच लागत. दारातली रद्दी बोलू लागली जहाजांबद्दल. या ‘शेतकऱ्या’ची मोठी जहाजं उत्तरेच्या मात्सुमाएपासून ओसाकापर्यंतच्या व्यापारात होती. तो मीठ पिकवत होता, कोळसा पाडत होता, खाणीत हात घालत होता, पैसे फिरवत होता. शेती त्यातला एक धंदा.

पुढचा धक्का मोठा होता. तोकिकुनींना सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एका व्यापाऱ्याने सोन्याच्या १०० र्‍योंचं कर्ज दिलं होतं. मोठी रक्कम. हा सावकार कोण, म्हणून नोंदी पाहिल्या तर त्याचं घर ‘आतामाफुरी’! शब्दशः ‘मान हलवणारा’. इतरत्र याच वर्गाला ‘पाणी पिणारे’ म्हणत, म्हणजे ज्यांच्याकडे जमीन नाही ते. पाठ्यपुस्तकांत यांचा अर्थ दिला जाई ‘दरिद्री भूमिहीन’. वाजिमात तर बहुतेक घरं याच वर्गातली. म्हणजे गाव भिकाऱ्यांचं? नव्हे. ते लाखेची भांडी करणाऱ्यांचं, शेवयांच्या कारागिरांचं, व्यापाऱ्यांचं, जहाजमालकांचं गाव होतं. त्यांना जमीन नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. कराचा हिशेब तांदळात होई, म्हणून ज्याच्याकडे तांदूळ पिकवणारी जमीन नाही तो वहीत शून्य.

‘ह्याकुशो’ची चिनी अक्षरं म्हणजे ‘शंभर आडनावं’, अर्थात सगळी सामान्य प्रजा. आपल्या ‘रयत’ शब्दासारखं. रयत म्हणजे राजाची सगळी प्रजा, पण बोलता बोलता तिचा शेतकरी झाला. जपानी शाळांच्या पुस्तकात आकिता संस्थानाच्या १८४९ च्या लोकसंख्येचा एक गोल तक्ता असे, त्यात ‘शेतकरी ७६.४ टक्के’. अमिनोंनी मूळ ग्रंथ काढून पाहिला. तिथे ‘ह्याकुशो ७६.४ टक्के’ असं होतं. मधल्या कुणीतरी शब्द बदलला होता, आणि सगळा देश आपल्याला तांदूळ पिकवणारं राष्ट्र समजत राहिला. उरलेली वर्षं अमिनो हेच वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगत राहिले. तोयामा प्रांताने केलेला, दक्षिण वर ठेवलेला एक नकाशा ते दाखवत. त्यात जपानचा समुद्र मोठ्या तळ्यासारखा दिसतो आणि जपानची बेटं त्या तळ्याच्या काठासारखी. ‘निप्पोन’ हे देशाचं नाव सातव्या शतकाच्या शेवटाचं. त्याआधीच्या माणसाला, मग तो राजपुत्र शोतोकू का असेना, जपानी म्हणता येणार नाही, असंही ते ठणकावून सांगत. पुष्कळांना ते झोंबलं.

बाहेरच्या माणसाने हा व्यवसाय धरायचा तर तीन पायऱ्या चढाव्या लागतात. आधी आजची भाषा, मग मोडलेली अक्षरं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे जपानी विद्वानांनी दीडशे वर्षांत लिहिलेला डोंगर वाचून काढणं. अमिनोंचं एक लोकप्रिय पुस्तक इंग्रजीत यायला २०१२ उजाडलं. भारतात दिल्ली विद्यापीठात आणि जेएनयूत याचा अभ्यास होतो. तिकडे जाऊन राहायला जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती आहे. पुण्यातून भाषा शिकून बाहेर पडणारी बहुतेक मुलं आयटीत आणि दुभाष्याच्या कामात जातात, पगार पाहता साहजिकच आहे. पण मोडी येणाऱ्या एखाद्याने कुझुशिजीला हात घातला तर त्याचा डोळा आधीच तयार असेल, असं मला फार दिवस वाटतं.

१९९९ मध्ये अमिनोंनी कागद परत करण्याच्या त्या प्रवासांवर एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्यात बढाई नाही. फसलेल्या बेताचा, न पाळलेल्या शब्दाचा तो हिशेब आहे. पाच वर्षांनी ते गेले.

१ जानेवारी २०२४ च्या दुपारी नोतोला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. तोकिकुनींच्या दोन वाड्यांपैकी वरच्या वाड्याचा खालचा भाग चेपला गेला आणि गवताने शाकारलेलं ते अवाढव्य छप्पर जमिनीवर येऊन बसलं. १९९५ च्या कोबे भूकंपापासून जपानात एक प्रथा पडली आहे. पडलेल्या घरांचा ढिगारा उचलायच्या आत इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक हातमोजे घालून तिथे पोचतात आणि ओल्या कागदांच्या पेट्या बाहेर काढतात. तोकिकुनी घराण्याच्या कागदांवरचे खंड कानागावाच्या मंडळींनी त्याआधीच छापून ठेवले होते.